शिडाच्या गलबतावरील मुले आणि तांडेलाचे ‘आज नको’

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांतील मुलांना जुन्या शिडाच्या गलबतावरून खाडी आणि समुद्र दाखवण्याचे उपक्रम येत्या हंगामात कोकण किनाऱ्यावर वाढणार असल्याचे वृत्त आपल्या अंकात वाचले. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. अकरा वर्षे या कामात हात भिजवलेला एक निवृत्त शिक्षक म्हणून मला एक गोष्ट मात्र वाचकांपुढे आणि संबंधित अधिकाऱ्यांपुढे मांडावयाची आहे. मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण जाकिटे, परवाने आणि विमा यांवर बोलू लागतो. ते सारे हवेच आहे. परंतु तांडेलाने, म्हणजे गलबत चालवणाऱ्या प्रमुख खलाशाने, सकाळी धक्क्यावर उभे राहून ‘आज नको’ म्हणावे आणि सर्वांनी ते निमूट ऐकावे, यापेक्षा मोठे सुरक्षासाधन गलबतावर नसते, आणि सहली ठरवण्याची आपली सध्याची पद्धत नेमके हेच दोन शब्द त्याच्या तोंडून काढून घेते.

आमच्या खाडीतले गलबत मूळचे मालवाहू. कौले, मीठ, नारळ आणि जळाऊ लाकूड मुंबईला न्यायचे आणि परतताना किराणा आणायचा, एवढ्यासाठी ते बांधले होते. किनाऱ्यावर इंजिने आली तशी शिडे उतरली आणि हे गलबत पुष्कळ वर्षे चिखलात कलंडून पडले होते. गावातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून त्याच्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि राळ भरून घेतली, नवे शीड शिवले. अलीकडे अशा कामांना प्रतिष्ठा आली आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून बेतलेली, काथ्याच्या दोरांनी शिवून बांधलेली ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ ही नौका २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाली, तेव्हापासून शाळांकडून आम्हांला होणारी विचारणा वाढली हे मी स्वतः पाहिले आहे. मुलांना शीड पाहायचे असते, आणि ते त्यांनी पाहावे असे मलाही वाटते.

पण मालवाहू गलबत हे माणसे बसवण्यासाठी बांधलेले नसते, आणि ही गोष्ट उत्साहात विसरली जाते. त्याच्या पोटात माल भरलेला असला की ते पाण्यात खाली बसते आणि झुळकेला दाद देत नाही. तेच गलबत रिकाम्या पोटाने तरंगत असेल आणि वर तीस-चाळीस मुले उभी असतील, तर सारे वजन वर जाते आणि थोड्या वाऱ्यानेही ते एका अंगावर झुकू लागते. जुने लोक म्हणून रिकामे गलबत कधी हाकारत नसत. तळाशी दगड-वाळूचे वजन, म्हणजे नीरम, घालूनच निघत. आज सहलीसाठी गलबत धुऊन-पुसून स्वच्छ करताना ते दगड ‘घाण’ म्हणून काढून टाकल्याचे मी एका ठिकाणी पाहिले आहे. शिवाय मालाच्या गलबताचा कठडा खलाशाच्या गुडघ्याइतकाच असतो, कारण त्यावरून माल चढवायचा-उतरवायचा असतो. खलाशाला तो पुरतो, सातवीतल्या मुलाला पुरत नाही. त्याच्यावर कमरेपर्यंत दोराची जाळी बांधावी लागते, आणि त्या जाळीने गलबताचे जुने रूप बिघडते अशी तक्रार करणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करावे लागते.

आता मी ज्या दिवसामुळे हे पत्र लिहीत आहे तो दिवस सांगतो. पौष पौर्णिमा होती. घाटावरच्या एका शाळेची बस रात्रभर प्रवास करून पहाटे सहाला धक्क्यावर आली. अडतीस मुले, तीन शिक्षक. मुलांनी बसमध्ये गाणी म्हणून घसे बसवले होते आणि उतरताच ती शिडाकडे बोट दाखवून ओरडू लागली. तांडेल बराच वेळ खाडीच्या मुखाकडे पाहत उभा होता. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, आज उधाण आहे. दुपारी मुखावरच्या वाळूच्या बारावर पाणी फुटणार. आणि पोरं पण जास्त आहेत. आज नको.” मी ते आयोजकांना सांगितले. त्यांनी बसचे भाडे, शिजवलेले जेवण, पालकांकडून घेतलेले पैसे आणि पुढच्या आठवड्यात सुरू होणारी परीक्षा यांचा पाढा वाचला. मुख्याध्यापक म्हणाले, नुसते मुखापर्यंत जाऊन येऊ. मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून मीही तांडेलाला म्हणालो, “जरा फिरवून तर आणूया.” आग्रह करणाऱ्यांत मी होतो, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे.

पौर्णिमेला आमच्याकडे सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा हिशेब कोकणातल्या आज्यांनाही तोंडपाठ असतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे बारानंतर उधाणाची ओहोटी खाडीतून जोरात बाहेर धावू लागते. त्याच वेळी सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडलेला असतो आणि समुद्राकडून खारा वारा भरू लागतो. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा मुखाशी, वाळूच्या बारावर, एकमेकांना भिडतात आणि तेथे उभ्या, तुटक, आखूड लाटा उठतात. बाहेर समुद्र शांत दिसत असतो आणि आत खाडीही शांत असते. वाईट असतो तो मधला पट्टा. तांडेलाने सकाळी सहा वाजता, पाणी अजून आरशासारखे असताना, दुपारचा हा पट्टा पाहिला होता.

आम्ही अडीचच्या सुमारास परत फिरलो. बारावर पहिल्या दोन लाटांनीच मुले एका बाजूला घसरली आणि गलबत त्या अंगाला झुकले. तांडेलाने वारा पाठीवर घेण्यासाठी शीड फिरवायला घेतले. ज्यांनी आपले त्रिकोणी शीड फिरताना पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: परबाण म्हणजे शीड ज्याला बांधलेले असते तो लांब आडवा वासा, तो डोलकाठीच्या पुढून उभा करून दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो, आणि तेवढा वेळ शिडाचे मोकळे टोक आणि त्याचा दोर, म्हणजे दामण, वाऱ्यात चाबकासारखी फटकारे मारत असते. खलाशांना कोठे बसायचे ते ठाऊक असते. अडतीस मुलांना बसायला सुरक्षित जागाच उरली नव्हती. दामण एका खलाशाच्या हातून सुटली आणि तिची लाकडी कप्पी आठवीतल्या एका मुलाच्या कपाळाला लागली. पाच टाके पडले. डोळा दोन बोटांनी वाचला.

त्याहून वाईट दहा मिनिटे पुढे होती. धक्क्याला लागल्यावर मुले मोजली तर सदतीस भरली. पुन्हा मोजली, सदतीसच. कोणाचेही नाव घेतले तरी मुले एकमेकांकडे पाहत होती, कारण तीन वर्गांतली ती मुले एकमेकांना ओळखत नव्हती. मी धक्क्याच्या कडेला उभा राहून मुखाकडे पाहत होतो आणि माझे पाय अक्षरशः उभे राहायला तयार नव्हते. अखेर एका खलाशाला तो मुलगा खाली मालाच्या खणात सापडला. त्याला मळमळत होते म्हणून कोणाला न सांगता तो खाली उतरला होता आणि दोराच्या वेटोळ्यावर, जाकीट काढून त्याची उशी करून, गाढ झोपला होता. बारावर गलबत भरले असते तर तो तेथेच राहिला असता, आणि त्याला शोधायचे आहे हेसुद्धा आम्हांला कळले नसते. संध्याकाळी तांडेल मला एवढेच म्हणाला, “मास्तर, सकाळी मी एकटा पडलो.”

त्याला एकटे पाडणाऱ्या या रचनेविषयीच मला बोलायचे आहे. सहल दोन महिने आधी ठरते, तारीख छापली जाते, पैसे भरले जातात, आणि त्या तारखेला समुद्राने हजर राहावे अशी आपली अपेक्षा असते. कोकणच्या माणसाला हे नवे नाही. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसकडे निघाली, ती गटारी अमावास्येच्या सणासाठी घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली होती. भर पावसाळा, अमावास्येचे उधाण, आणि तरीही सणाची तारीख होती म्हणून माणसे निघाली. काशाच्या खडकाजवळ ती बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. ‘रामदास’ शिडाची नव्हती, वाफेची होती. पण सणाच्या तारखेपुढे समुद्राकडे पाहायचे राहून जाते, हे तिच्या बाबतीत जेवढे खरे होते तेवढेच आज शाळेच्या सहलीच्या बाबतीत आहे.

अलीकडची उदाहरणे याहून जवळची आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. मुले एका बाजूला जमल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात, जेथे ना लाट ना ओहोटी, शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तेथे क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि सर्वांच्या अंगात जाकिटे नव्हती. ‘आता भरलं, पुढची फेरी’ असे म्हणणारा माणूस धक्क्यावर नव्हता, किंवा असला तरी त्याच्या शब्दाला वजन नव्हते, एवढेच यातून मला दिसते.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची आहे, आणि ती ऐकायला विचित्र वाटेल. शिडाच्या गलबतावरील प्रत्येक सहलीच्या करारात असे कलम हवे की तांडेलाने हवामान, पाणी किंवा मुलांची संख्या या कारणाने सफर रद्द केली, लांबवली किंवा अर्ध्यातून परत आणली तर शाळेचे पैसे बुडणार नाहीत आणि तांडेलाची व खलाशांची त्या दिवसाची मजुरीही बुडणार नाही. दोन्ही बाजू हव्यात. नुसती शाळा सुरक्षित केली तर हातावर पोट असलेला खलाशी स्वतःच ‘जाऊया की’ म्हणेल. शाळेने एक तारीख न घेता तीन दिवसांचा अवकाश घ्यावा आणि उरलेल्या दिवसांसाठी किनाऱ्यावरचा कार्यक्रम आधीच आखून ठेवावा. विजयदुर्गाला आलेल्या मुलांना वाघोटण खाडीत गिर्ये येथील मराठ्यांच्या आरमाराची गोदी दाखवता येते; हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहता येतो; कोठल्याही बंदरात एखादा म्हातारा जाळी विणत बसलेला असतो आणि त्याच्याकडून चार गाठी शिकता येतात. अशी सोय असली की ‘आज नको’ या शब्दांनी कोणाची सहल बुडत नाही.

त्या दिवसानंतर आम्ही ज्या काही सवयी लावून घेतल्या त्यांतील एक फार साधी आहे, पण तिच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झाला नाही. नारळाच्या करवंट्यांचे गोल बिल्ले कापून त्यांवर तापल्या सळईने आकडे डागले. धक्क्यावर एक फळी आणि गलबतावर एक फळी, दोन्हींवर आकड्यांचे खिळे. मूल गलबतावर चढताना धक्क्यावरचा आपला बिल्ला काढून नेते आणि गलबतावरच्या खिळ्याला अडकवते, उतरताना उलट. गलबतावरच्या फळीवर एकही बिल्ला लटकत असेल तर कोणीतरी आत आहे. मोजणीत माणूस चुकतो, कारण मुले जागची हलतात. बिल्ले हलत नाहीत. याखेरीज प्रत्येक मुलाला एक जोडीदार असतो आणि शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून उभे राहायचे असते. सफर सुरू असताना मालाच्या खणात उतरायला सर्वांनाच बंदी असते. मळमळणाऱ्या मुलाला वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जाळीजवळ, एका मोठ्या माणसाच्या हाताशी बसवतात. तो ओकला तर समुद्राचे काही बिघडत नाही.

जाकिटांविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण येथे डोळ्यांत धूळ फार फेकली जाते. जाकिटे बोटीवर ‘आहेत’ एवढ्याने काही होत नाही. मी ती फळ्यांखाली नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलेली पाहिली आहेत, मोजायला आलेल्या माणसाला दाखवण्यापुरती. फळीवरून गलबतावर पाऊल टाकण्याआधी ते अंगात असले पाहिजे आणि परत धक्क्यावर येईपर्यंत निघता कामा नये. दुसरी गोष्ट मापाची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्रेचाळीस किलोंच्या खालचे मूल लहानांच्या जाकिटाचे, आणि आपल्याकडे सातवी-आठवीतली पुष्कळ मुले या वजनाच्या खालीच असतात. मोठ्यांचे जाकीट त्यांच्या अंगावर ठीक दिसते, पण पाण्यात पडल्याबरोबर वर सरकते आणि मूल खालून निसटते. आम्ही हे धक्क्याजवळच्या कमरेभर पाण्यात करून पाहिले. चांगली बांधलेली जाकिटे मुलांच्या कानांपर्यंत वर गेली आणि एका मुलीचे तर डोक्यावरून निघून आले. दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असलेले जाकीट मात्र जागचे हलले नाही. तेव्हापासून प्रत्येक मूल आधी धक्क्याजवळ जाकिटासह पाण्यात उतरते आणि मगच गलबतावर चढते. यात अर्धा तास जातो आणि पोहता न येणारी मुलेही या वेळीच कळतात. समुद्रकाठच्या शाळांतही ती किती निघतात हे पाहून मी दर वेळी चकित होतो.

जुन्या गलबताचा एक धोका मात्र नव्या बोटीला नसतो, आणि तो डोक्यावर असतो. नेदरलँड्समध्ये जुन्या मालवाहू शिडाच्या जहाजांवरून शाळांच्या व कुटुंबांच्या सफरी काढण्याची मोठी परंपरा आहे. २१ ऑगस्ट २०१६ रोजी हार्लिंगेन बंदराजवळ अशाच एका जहाजाची लाकडी डोलकाठी मोडून खाली आली आणि तीन प्रवासी गेले. बाहेरून धड दिसणारी ती काठी आत शिरलेल्या पाण्याने कुजलेली होती. पुन्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच देशात एका शाळेच्या सहलीत शिडाखालचा आडवा वासा मोडून खाली पडला आणि बारा वर्षांची एक मुलगी गेली. समुद्र, लाटा, वादळ यांचा यात काही संबंध नव्हता. आमच्या कोकणात तर हवेला चार महिने ओल आणि आठ महिने खार. डोलकाठीला लोखंडी कडे जेथे बसते त्याच्या खाली पाणी झिरपते, वरून रंगाचा जाड थर असतो, आणि आतला सागसुद्धा भुसा होतो. रंगावर रंग चढवून गलबत देखणे करणाऱ्यांना माझी विनंती आहे की वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, डोलकाठी आणि परबाण खाली उतरवावे, कडी काढावीत, हातोड्याने ठोकून आवाज ऐकावा आणि टोच्याने टोचून पाहावे. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो. कुजलेले लाकूड बद्द वाजते. हे काम सुताराचे आहे, आणि त्याने पाहिल्याचे तारखेनिशी लिहून घ्यावे.

सरावाविषयी लिहिताना मला कॅनडाच्या ‘कॉन्कॉर्डिया’ या प्रशिक्षण जहाजाची आठवण होते. शिडाच्या या जहाजावर ४८ विद्यार्थी होते, शिक्षक आणि खलाशी धरून एकूण ६४ माणसे. १७ फेब्रुवारी २०१० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत ते वाऱ्याच्या एका झोतात आडवे झाले आणि बुडाले. चौसष्टच्या चौसष्ट जण वाचले. जवळजवळ चाळीस तास ती मुले हवेच्या तराफ्यांवर होती. जहाज आडवे का झाले याच्या चौकशीत चालकांच्या चुका निघाल्या, त्या निघायलाच हव्या होत्या. पण जहाज आडवे झाल्यावर कोणी कोठे जायचे हे मुलांना ठाऊक होते, कारण तो सराव त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलेला होता. आपल्याकडे सराव म्हणजे निघण्यापूर्वी सूचनांचा कागद वाचून दाखवणे. मुले तेव्हा डोलकाठीचे फोटो काढत असतात.

गलबत धक्क्याला बांधलेले असतानाच एक भोपळा पाण्यात टाकून ‘माणूस पडला’ अशी आरोळी द्यावी. आरोळी देणाऱ्याने भोपळ्याकडे बोट करून उभे राहायचे आणि नजर हलवायची नाही. दुसऱ्याने तरंगते कडे फेकायचे. बाकी सर्वांनी जागच्या जागी खाली बसायचे. यातले बोट दाखवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मध्यम वाऱ्यात चार नॉटने चालणारे गलबत सेकंदाला दोन मीटर पुढे जाते, म्हणजे एका मिनिटात पडलेले मूल सव्वाशे मीटर मागे राहिलेले असते, आणि तेवढ्या अंतरावरून लाटांत त्याचे डोके नारळाएवढेही दिसत नाही. शिडाच्या गलबताला थांबता येत नाही. ते वळवून परत आणायला तांडेल कितीही तरबेज असला तरी वेळ लागतोच. म्हणून मागून इंजिनाची एक होडी, दोन पोहणाऱ्या माणसांसह, सफर संपेपर्यंत आलीच पाहिजे. तिच्या डिझेलचा खर्च सहलीच्या पैशांतच धरावा. तांडेलाजवळ सोळा नंबरच्या वाहिनीवर लावलेला व्हीएचएफ बिनतारी संच असावा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक तर प्रत्येक शिक्षकाला पाठ हवेत. भ्रमणध्वनीत साठवलेला क्रमांक भिजलेल्या भ्रमणध्वनीबरोबर जातो.

काही मंडळे आता गलबतावर रात्रीच्या मुक्कामाची कल्पना मांडत आहेत. माझा तिला विरोध नाही, पण तेथे सुरक्षितता पाण्यापुरती राहत नाही. मुलींसोबत शिक्षिका हव्यात, झोपण्याच्या आणि प्रसाधनाच्या जागा वेगळ्या हव्यात, कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद जागेत थांबू नये, आणि हा नियम खलाशांइतकाच शिक्षकांना व माझ्यासारख्या हौशी मंडळींनाही लागू असावा. गैरप्रकाराचा संशय आला तरी तो कळवणे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून गावातच मिटवण्याची मुभा कोणालाही नाही. अरुंद गलबतावर हे सारे जमत नसेल तर मुलांनी रात्री शाळेच्या पडवीत झोपावे आणि पहाटे गलबतावर यावे.

परवान्याचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या जहाजांसाठी स्वतंत्र भाग होता, पण तो माल वाहणाऱ्या शिडांच्या काळातला. आज आमच्यासारखे गलबत मासेमारीचे नाही, प्रवासी लाँच नाही आणि मालवाहूही राहिले नाही. प्रत्येक टेबलावर त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवले जाते. महाराष्ट्र सागरी मंडळाने अशा वारसा-नौकांसाठी वेगळा वर्ग करावा, नीरमासह मुलांची कमाल संख्या प्रत्यक्ष झुकवून पाहून ठरवावी आणि ती नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, मोठ्या आकड्यांत रंगवायला लावावी. आकडा नाळेवर असला की तांडेलाला वाद घालावा लागत नाही, बोट दाखवले की झाले.

अपघात झाला की सरसकट बंदी घालण्याची आपली रीत मला मान्य नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने बुडाले, त्यानंतर आमच्या परिसरातल्या शाळांनीही कित्येक वर्षे समुद्राच्या सहलींचे नाव काढले नाही. त्याने मुले समुद्रावर जायची थांबली नाहीत. ती शिक्षकांशिवाय, भाड्याच्या दुचाकींवरून, ओहोटीची वेळ न पाहता जाऊ लागली. तांडेलाशेजारी दोन तास बसलेल्या मुलाला निदान बारावरचे पाणी ओळखता येते.

आमच्या गलबताचे नवे सहलपत्रक दिवाळीपूर्वी छापले जाईल. तांडेलाचे नाव मुख्याध्यापकांच्या नावाच्या वर घालावे, मुलांचा आकडा पंचविसावर थांबवावा आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस सहलीसाठी देऊच नयेत, या माझ्या तीन सूचना समितीने मान्य केल्या आहेत. रद्द झालेल्या सफरीचे पैसे परत करण्याचे आणि खलाशांची मजुरी देण्याचे कलम मात्र ‘पुढील बैठकीत पाहू’ या शेऱ्यासह दुसऱ्या वर्षीही तसेच पडून आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी